रेडिओबुडवी

आमच्या घरी रेडिओ लावायचा तर आधी हात धुवावे लागत. बाबा गवंडीकाम करायचे. संध्याकाळी घरी येत तेव्हा त्यांच्या नखांत, भुवयांत, कानाच्या पाळ्यांवर सिमेंट बसलेलं असे. माय तांब्यानं पाणी घाली, ते कोपरापर्यंत हात घासत, कशालाही न पुसता तसेच वर धरून सुकवत आणि मग फळीवरच्या रेडिओवरचा रुमाल उचलत. बटण फिरवल्यावर लगेच आवाज येत नसे. आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू लाल होत, तापलेल्या धुळीचा वास सुटे, मग कुठून तरी लांबून यावी तशी घरघर येई आणि त्या घरघरीतून माणूस बोलू लागे. तेवढा वेळ बाबा श्वास रोखून उभे असत. मी त्यांच्या कमरेशी उभी असे आणि मीही श्वास रोखून धरी.

गाव मालेगावपासून दोन कोसांवर, वाशीम रस्त्याच्या आत. बौद्धवाड्यात वीज आली त्या वर्षी वाड्यातला पहिला रेडिओ आमच्याकडे आला. वाशीमच्या एका साहेबांच्या घराचं काम बाबांनी केलं होतं. साहेबांची बदली झाली, सामान बांधताना त्यांनी हा लाकडी खोक्याचा रेडिओ बाबांना देऊन टाकला. आवाज फाटका यायचा. बाबांनी मागची फळी उघडली तर स्पीकरचा काळा कागद एका जागी फाटलेला. त्यांनी मायला ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायला लावली. माझ्याकडे संक्रांतीच्या पतंगाचा निळा कागद होता, त्यातला तुकडा मी कात्रीनं कापला. तो तिरपा कापला गेला. बाबा म्हणाले, "राहू दे, आवाजाले काय दिसते?" मी खळीची वाटी धरली, त्यांनी तुकडा चिकटवला आणि मला म्हणाले, "दाब बोटानं. हळू." मी दाबला, पण हळू दाबला नाही, त्यामुळे एक कोपरा दुमडून बसला. दुसऱ्या दिवशी रेडिओ असा गोड वाजला की माय चुलीसमोरून उठून आली.

मग आमचा ओटा रोज संध्याकाळी भरू लागला. बातम्या, शेतकऱ्यांचा कार्यक्रम, गाणी, जे लागेल ते लोक ऐकत. हिवाळ्यात माय तुरीच्या सोल्यांची भाजी करी आणि तिचा वास ओट्यावर गेला की कोणी ना कोणी म्हणे, "पारबताबाई, आज रेडिओपेक्षा तुहीच भाजी जोरात हाय." माय हसत हसत वाटीभर भाजी आणि अर्धी भाकर त्याच्या हातावर ठेवी. बाबा तेव्हा रेडिओच्या बाजूला भिंतीला टेकून बसत. दिवसभर ज्यांच्या घरांवर विटा चढवायच्या ते लोक त्यांना नावानं, तेही अर्ध्या नावानं हाक मारत. संध्याकाळी त्या ओट्यावर त्यांना सगळे दादा म्हणत. रेडिओ फक्त ते लावत आणि फक्त ते बंद करत. माझं काम रुमाल घडी करायचं. मला वाटायचं, माझ्याएवढं मोठं काम वाड्यात कोणत्याच पोरीला नसेल.

मी बारा वर्षांची असेन. जयंतीच्या आधी घराला चुना लावायचा होता. चुन्याचे शिंतोडे रेडिओवर उडाले म्हणून मी ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं. फडकं पिळलेलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या संध्याकाळी रेडिओ खरखरला आणि गप्प झाला. बाबांनी तो गोधडीत गुंडाळून सायकलला बांधला आणि मालेगावला नेला. बसस्टँडजवळ देविदास मिस्त्रीचं दुकान होतं. आजूबाजूच्या वीस गावांत रेडिओ उघडणारा तोच एक. त्यानं दोन आठवडे ठेवून घेतला. परत आला तेव्हा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येत होता. आठ दिवसांत तोही गेला.

बाबा रेडिओ घेऊन पुन्हा मालेगावला जाऊन आले. त्या दिवशी ते सायकलवर बसून आले नाहीत, सायकल हातात धरून चालत आले. ओट्यावर माणसं बसली होती. बाबांनी रेडिओ आत नेऊन फळीवर ठेवला, बाहेर आले आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. "मिस्त्री म्हनते, पोरीनं पानी घातलं आत. स्पीकर सडला. आता काही होत नाई त्याचं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पुन्हा त्या रेडिओच्या जवळ दिसली तं हात तोडीन."

एवढंच. त्यांनी त्याआधी मला कधी मारलं नव्हतं आणि नंतरही मारलं नाही. पण शेजारच्या म्हातारीनं दुसऱ्याच दिवशी विहिरीवर मला नाव ठेवलं, रेडिओबुडवी. ते नाव वाड्यात माझ्या खऱ्या नावाच्या वर जाऊन बसलं. ओट्यावर माणसं येईनाशी झाली. बाबा संध्याकाळी हात धुवत आणि मग त्या धुतलेल्या हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नसे. मी ते बघत असे आणि मला वाटे, हे मी केलं. मायनं मुक्या रेडिओवर नवा रुमाल विणून घातला. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवत असे. चार वर्षं.

आता सत्तरीजवळ आल्यावर लोक मला विचारतात, बाई, एवढे रेडिओ, टेपरेकॉर्डर, रेकॉर्डी वाजवायच्या मशिनी, लग्नातले कर्णे कशासाठी जमवता? मागे एक तरुण मुलगा मोबाईल घेऊन माझा व्हिडिओ करायला आला होता. तो म्हणाला, आजी, तुम्हाला संगीताची फार आवड दिसते. मी हो म्हटलं. त्याला मी सांगितलं नाही की कोणतंही जुनं यंत्र घरात आलं की मी आधी ते वाजवत नाही. आधी मागची फळी खोलते आणि स्पीकरचा कागद बघते. जे शोधायचं ते मला सोळाव्या वर्षीच सापडलं होतं, तरी बघते.

ते सापडलं त्याचं असं झालं. आठवीपासून मी मालेगावच्या शाळेत एसटीनं जाऊ लागले. परतीची गाडी कधी वेळेवर येत नसे आणि स्टँडवरची सावली नेमकी मिस्त्रीच्या दुकानापुढं पडे. मी तिथं उभी राही. मी कोणाची कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. काउंटरवर त्यानं एक उघडं लाकडी खोकं ठेवलं होतं, त्यात स्पीकर बसवलेला. दुरुस्त केलेला प्रत्येक रेडिओ तो गिऱ्हाइकाला त्या स्पीकरवर वाजवून दाखवी. लोक म्हणत, मिस्त्रीच्या हातात जादू हाय. आवाज खरंच असा भरदार होता की स्टँडवरचे शेंगदाणेवाले मान हलवत. जवळपास तीन वर्षं मी तो आवाज समोरून ऐकला. एक दिवस, दहावीच्या परीक्षेआधी, त्यानं काउंटर झाडायला खोकं फिरवून ठेवलं आणि त्याची उघडी पाठ माझ्याकडे झाली.

काळ्या कागदावर निळा तुकडा होता. तिरपा कापलेला. एक कोपरा दुमडून बसलेला.

पहिल्यांदा मला राग आला नाही. माझं दप्तर खांद्यावरून घसरलं ते मी उचललंही नाही. मी पायरी चढून आत गेले. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. मी विचारलं, "मिस्त्री, हा स्पीकर कोनाचा हाय?"

"दुकानातला हाय, दुकानाचा. काहून?"

"याच्यावर निया कागद कोनं लावला?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. मी वाट बघितली नाही. दोन्ही वायरी हातानं ओढून तोडल्या, खोकं छातीशी धरलं आणि स्टँडकडे चालू लागले. तो मागून ओरडत आला, "ए पोरी! चोट्टी! धरा रे तिले!" माणसं जमली. एकानं माझी वेणी धरली. मी खोकं सोडलं नाही. मी ओरडून सांगितलं, "हा माह्या बापाचा हाय! हा कागद मी कापला, खळ माह्या मायनं शिजोली. यानं आमचा स्पीकर काढून घेतला, फुटका बसोला अन् पोरीनं पानी घातलं म्हनून सांगतलं. इचारा याले, निया कागद कोनत्या कंपनीतून येते?"

कोणीतरी हसलं. वेणी धरणाऱ्यानं वेणी सोडली. मिस्त्रीचं तोंड उतरलं, पण क्षणभरच. मग त्यानं तोंडातलं पान थुंकलं आणि म्हणाला, "तू त्या गवंड्याची पोरगी होय? ने मंग. पन घरी जाऊन बापाले इचार. तुह्या बापानं माह्या दुकानात उभं राहून पाह्यला हा स्पीकर. म्या म्हटलं, तुहा असन तं ने उचलून. नेला का त्यानं? मुकाट्यानं खाली उतरला. इचार त्याले!"

गाडी आली. कंडक्टरनं खोक्यासकट मला आत घेतलं आणि बसायला पुढची जागा दिली. सगळ्या रस्त्यानं मी स्वतःला समजावत होते की तो माणूस चोर आहे, चोर खोटंच बोलणार.

घरी बाबा नव्हते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या रेडिओची मागची फळी खोलली. पेचकस नव्हता, विळीच्या टोकानं स्क्रू काढले. आत एक लहानसा, काठ गंजलेला, भलताच स्पीकर होता. तो काढला. आमचा बसवला, वायरी पीळ देऊन जोडल्या. बटण फिरवलं. नळ्या लाल झाल्या आणि रेडिओ बोलला. माय पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता का भीती हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं.

बाबा आले. आवाज त्यांनी अंगणातच ऐकला असावा. ते हात न धुताच आत आले आणि रेडिओकडे बघत उभे राहिले.

मी विचारलं, "बाबा, तुमाले मालूम होतं?"

त्यांनी मायकडे बघितलं. माय आत निघून गेली.

"मालूम होतं," ते म्हणाले.

"कवापासून?"

"घरी आनला त्याच दिवशी. मागून खोलून पाह्यला. कागद नव्हता. मंग दुकानात गेलो तं त्याच्या टेबलावर दिसला."

"मंग आनला काहून नाई?"

ते खाली बसले. बोटांवरचं सिमेंट खरवडू लागले. "त्याच्या भावाच्या घराचं काम चालू होतं. वाड्यातली पाच-सहा मानसं माह्या हाताखाली होती. भांडलो असतो तं सगळ्याइचं काम गेलं असतं."

ते मला समजलं. खरंच समजलं. सोळा वर्षांच्या पोरीला कामाचं महत्त्व आमच्या वाड्यात कोणी समजावून द्यावं लागत नसे. एवढं बोलून ते थांबले असते तर कदाचित मी त्यांच्या जवळ जाऊन बसले असते. पण मला आणखी एक विचारायचं होतं.

"मंग मले काहून मारलं?"

 रेडिओवर कोणीतरी कापसावरच्या किडीची माहिती देत होतं.

"लोकं ओट्यावर बसून होती," बाबा म्हणाले. "इचारत होती. काही तं सांगाच लागते. तू लेकरू होती. वाटलं, इसरून जाशीन."

रेडिओजवळ फिरकायची बंदी कशासाठी होती तेही मला तेव्हाच उमगलं. मी मागची फळी खोलू नये म्हणून. मी उठले आणि रेडिओ बंद केला. त्या घरात तो बंद करण्याचा अधिकार आजवर एकाच माणसाचा होता.  बाबा फक्त एवढं म्हणाले, "भाईर सांगू नोको, कुसुम."

स्टँडवरचं भांडण वाड्यात कोणापर्यंत पोचलं नव्हतं आणि मीही बाहेर सांगितलं नाही. लोकांना वाटेल की ही पोरीची माया. माया नव्हती. मी सांगून टाकलं असतं तर दोन दिवस चर्चा झाली असती आणि लोक विसरले असते, बाबाही मोकळे झाले असते. मी ते मोकळं होणं त्यांना दिलं नाही. दुपारी ते कामावर असत तेव्हा मी रेडिओ लावी, वाड्यातल्या बाया भाजी निवडत ऐकायला येत. बाबांच्या सायकलची कुरकुर ऐकू आली की मी बंद करी. विहिरीवरची म्हातारी ओट्यावर येऊन मला रेडिओबुडवी म्हणे तेव्हा मी तिला कधी अडवलं नाही. मी फक्त बाबांकडे बघे. ते ताटाकडे बघत. अंबाडीची भाजी, कण्या, जे असेल ते मी त्यांना वाढी आणि त्याबरोबर मी सांगून टाकीन ही भीतीही रोज वाढी. मायनं एकदा मला चुलीपाशी धरलं. "पुरे कर आता वं," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुले तं मालूम होतं ना?" तिनं पुन्हा कधी तोंड घातलं नाही.

लग्न ठरलं तेव्हा मी दुसरं काही मागितलं नाही, फक्त रेडिओ मागितला. सासर कामरगावचं. नवरा, काशिनाथ, शाळेत शिक्षक, शांत माणूस. मलाही पुढे तिथल्याच शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची नोकरी लागली. तिथं मी वायरींना कथिलाचा डाग द्यायला, मीटर लावायला, त्या काचेच्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह तपासायला शिकले. आणि तिथंच हे वेड लागलं. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची माणसं ऊसतोडीवरून, खाणीवरून परत येताना टेपरेकॉर्डर आणत, बिघडला की विकत. कारंज्याच्या भंगारवाल्यांना मी सांगून ठेवलं होतं. मंडपवाले जुने ॲम्प्लिफायर टाकून देत, ते मी उचलून आणी. दोन खोल्या भरल्या, मग पडवी भरली. काशिनाथ एकदा गमतीनं म्हणाले, "पाहुने आले तं त्याहिले कोनत्या कर्ण्यात झोपवावं?" मी हसले, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक कर्णा आणला. यंत्र चालू झालं की मला बरं वाटे, पण ते दुसऱ्याच्या घरात मुकं पडलेलं आहे हे कळलं की माझा जेवणातला रस जाई. कोणीतरी ते मुकं केलेलं असणार, आणि त्याचं नाव भलत्याच कोणावर लागलेलं असणार, असं मला वाटे.

देविदास मिस्त्री मेल्यावर त्याच्या मुलानं दुकान मोडलं. बातमी कळताच मी मालेगावला गेले. सगळंच घेतलं, एक स्क्रूही मागं ठेवला नाही. मुलगा म्हणाला, "ताई, वडिलांची पाटीही घेऊन जा, लाकूड चांगलं हाय." ती मी घरी आणली, कुऱ्हाडीनं चार तुकडे केले, त्यावर पाणी तापवलं आणि डोक्यावरून आंघोळ केली. त्या आंघोळीची आठवण मला आजही गोड लागते. वय झालं की माणूस क्षमाशील होतो असं म्हणतात. मला तसं काही झालेलं दिसत नाही.

पण मिस्त्री परका होता. परक्याचा हिशेब एका पाटीत संपला.

माय गेल्यावर बाबा माझ्याकडे कामरगावला येऊ लागले. आठ-पंधरा दिवस राहत. हात थरथरत, गुडघे गेले होते. मी त्यांचं सगळं करी. औषध वेळेवर, आंघोळीला गरम पाणी, मऊ भाकर कुस्करून कढीत. गावातले लोक म्हणत, लेक असावी तर अशी. मी यंत्रांच्या खोलीत काम करत असले आणि त्यांची काठी वाजली की जे काही वाजत असेल ते बंद करी. सगळ्या खोलीभर यंत्रं आणि त्यांच्यासमोर एकही वाजत नसे. ते खुर्चीवर बसत, नजर फिरवत, त्यांचा रेडिओ कुठं आहे ते शोधत. तो समोरच असे, पुसून ठेवलेला. एवढी वर्षं झाली, पण त्यांनी कधी लावायला सांगितलं नाही आणि मी कधी लावला नाही.

शेवटच्या खेपेला त्यांनी सांगितलं. मी सोल्याची भाजी केली होती, मायसारखी. जेवण झाल्यावर ते खोलीत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कुसुम, लाव ना वं एकडाव."

"बिघडला हाय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातल्या पेचकसाकडे बघितलं, भिंतीभर लावलेल्या यंत्रांकडे बघितलं. जिल्हाभरातले लोक माझ्याकडे रेडिओ दुरुस्त करून मागत हे त्यांना माहीत होतं. "बरं," ते म्हणाले. काठी टेकत उठले आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं मी खिडकीतून बघितलं. समोरच्या घरी कोणाचा तरी लहानसा ट्रान्झिस्टर चालू होता. बाबा त्या घराच्या ओट्याखाली उन्हात उभे होते. आत कोणी त्यांना बघितलं नव्हतं, त्यामुळे कोणी वर बोलावलंही नव्हतं. मान एका बाजूला कलती करून, तळहात कानामागे धरून ते ऐकत होते.

काशिनाथ माझ्या मागे येऊन उभे राहिले. "बलाव त्याहिले," ते म्हणाले. "ऊन पाह्य किती हाय."

"येतीन," मी म्हटलं आणि खिडकीपासून दूर झाले. मी बोलावलं नाही. काशिनाथच गेले आणि त्यांचा हात धरून घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गावाकडे जायचं काढलं. मी त्यांना गाडीत बसवून दिलं, डबा दिला, औषधाच्या गोळ्या दिल्या. पंधरवड्यात निरोप आला. झोपेतच गेले होते. त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. मी सगळे विधी उभं राहून केले. रडले नाही. बायांना वाटलं, धक्का बसला आहे. मला धक्का बसला नव्हता. मला फसवल्यासारखं वाटत होतं. माझं अजून झालं नव्हतं आणि ते निघून गेले होते.

जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी मी मानोऱ्याला गेले. एका तांड्यावर मोठ्या चकत्यांचा जुना टेपरेकॉर्डर पडून आहे असं मला कोणीतरी मागे सांगितलं होतं. जीपच्या टपावर बांधून तो आणला. घरासमोर जीप थांबली तेव्हा काशिनाथ पायरीवर बसले होते. ते उठले नाहीत. मी दोर सोडत होते, ते बघत राहिले.

"कुसुम," ते म्हणाले, "आता तं ते गेले. आता हे कायले आनलं?"

मशिन जड होतं. मी ते छातीशी घट्ट धरलं आणि पायरीपाशी आले. 

"जागा करा," मी म्हटलं.